मास्तर, गाव मांडायचं कसं?

मोहन,

काल दुपारी मी तुझ्या खुर्चीत बसलो. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी असं मला पेपरच्या डेस्कवर शिकवलं गेलं आणि पुढं मीही ते अनेकांना शिकवलं. तेव्हा दुसरी गोष्टही इथंच सांगतो. मला भीती वाटत होती. नवनगरच्या तुझ्या घराचा जिना मी इतकी वर्षं बोलत बोलत चढलो. काल कठडा धरून चढलो.

भीतीचं कारण असं. गुरुवारी मुक्ताचा फोन आला. तुझी मुलगी फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलते, कॉलेजचं सांगते, माझ्या खोकल्याची चौकशी करते आणि मग मुद्द्यावर येते. या वेळी तसं झालं नाही.

"काका, रविवारी मी खेळणार आहे," ती म्हणाली. "पण एक विचारायचंय. तुमच्या गावात मेलेल्याला परत आणता येतं का?"

तुमच्या गावात म्हणजे मी जे खेळातलं गाव मांडणार होतो, त्यात. मला ते कळलं होतं. तरी मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"नियमात तसा मंत्र आहे," मी म्हणालो.

"नियमात आहे ते माहीत आहे मला. तुमच्या गावात आहे का?"

"बघू."

"बघू चालणार नाही, काका. रविवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे. तेव्हा सांगा."

आणि तिनं फोन ठेवला. तुला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तू गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांत हुबळीच्या कमरीपेठेतले शिंपी पुष्कळ होते. तुझ्या दुकानातून अस्तर, बटणं, हुक, दोरे नेणारी माणसं. त्यांतल्या एकानं आमचं बोलणं ऐकून मला बाजूला घेतलं. आम्ही तुझ्याबरोबर खेळणारे सारखं "मास्तर, मास्तर" म्हणत होतो. शिंप्यांमध्ये कापड बेतणाऱ्याला मास्टर म्हणतात, आणि तुला कात्री धड धरता येत नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मोहनअण्णा कुठल्या शाळेत शिकवायचे री?" त्यानं विचारलं.

"शाळेत नाही. खेळात मास्तर होते."

मग त्याला सांगावं लागलं. तीन-चार माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. मास्तर त्यांच्यासमोर एक जग उभं करतो. तुम्ही डोंगराखाली उभे आहात, समोर गुहा आहे, काय करता? खेळणारे सांगतात, आम्ही असं करतो. मग काय झालं ते मास्तर सांगतो. जिथं जमेल की नाही अशी शंका असते, तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा.

"सोंगट्यांसारखं?"

"नाही. यात जिंकत कुणी नाही."

"मग नाटकासारखं."

"नाटकात बोलणं लिहिलेलं असतं. इथं काहीच लिहिलेलं नसतं."

"मग शेवट कुणाला माहीत?"

"कुणालाच नाही. मास्तरलाही नाही."

त्यानं हार घातलेल्या तुझ्या फोटोकडं पाहिलं, "हौद री?" म्हणजे "हो का?" म्हणाला आणि दाराबाहेर आपली पायताणं शोधू लागला.

तू मांडलेल्या गावाचं काय करायचं, हा प्रश्न तेराव्या दिवसाच्या आधीच निघाला. विनायक वकिलांना ते पुढं चालवायचं होतं. त्यांचा जादूगार एका होडीत बसून राहिला होता आणि होडी कुठं निघाली होती ते तुला एकट्याला ठाऊक होतं. शैलाअक्का रायापूरहून मुद्दाम आल्या होत्या. धारवाडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. गैरसमज राहू देत नाही.

"त्याच्या डोक्यात काय होतं ते आपण कुठून आणणार?" त्या म्हणाल्या. "ते गाव आहे तसं राहू दे. नवीन मांडू."

"मांडणार कोण?" वकिलांनी विचारलं, आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, मी बातम्या दुरुस्त करणारा माणूस आहे, मला रचता येत नाही.

"रोजचा पेपर वाचून तसं वाटत नाही, संपादक," वकील म्हणाले. मी उपसंपादक आहे हे त्यांना माहीत आहे. तूही मला उपसंपादक म्हणायचास, पण पूर्ण, एकेक अक्षर तोडून.

माझी अडचण चेष्टेची नव्हती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी असं एकही वाक्य छापायला सोडलेलं नाही, जे कुणीतरी मला सांगितलेलं नव्हतं. बातमीदार कॉपी घेऊन आला की मी एकच विचारतो: कोण म्हणालं? खेळाच्या टेबलावर सगळे मास्तरला विचारतात, आणि मास्तरला विचारायला कुणी नसतं. दाराच्या मागं काय आहे? तो म्हातारा खरं बोलतो आहे का? पूल आमचं वजन पेलेल का? उत्तर त्याच क्षणी द्यायचं, आणि दिलं की ते खरं होतं. इतकी सत्ता मला कधीच नको होती. तू ती चहा ढवळत ढवळत वापरायचास.

तू मला एकदा शिकवायचा प्रयत्न केला होतास. तुला एका लग्नाला सांगलीला जायचं होतं आणि तो रविवार मी सांभाळावा असं तू ठरवलंस. मी तयारी करून दुकानात आलो. तू एका बाईला लेस मोजून देत होतास. मोजता मोजता माझे कागद वाचलेस.

"हे काय, पुरवणी काढलीस?"

"पार्श्वभूमी आहे. राजघराण्याचा इतिहास, तीन युद्धं, एक तह."

"बरं. विहीर कुठं आहे?"

"कसली विहीर?"

"गावाची. लोक पाणी कुठून आणतात?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग राजाचा पणजोबा कशाला लिहिलास? त्याला तहान लागत नव्हती?"

लेस घेणारी बाई हसली. तू मात्र हसला नाहीस. तू म्हणालास, राज्य मांडू नकोस, गाव मांड. एक गाव, त्यातली एक अडचण, आणि ती आज सुटली नाही तर उद्या काय बिघडेल, एवढं ठरव. अडचण तुझी, सुटका त्यांची. सुटका तू ठरवून ठेवलीस तर ते खेळणार नाहीत, तुझ्या मनातलं ओळखत बसतील. बाकी सगळं ते विचारतील तसं होत जातं.

"आणि मला उत्तर माहीत नसलं तर?"

"तर सांगायचं."

"काय सांगायचं?"

"उत्तर."

त्या रविवारी मला ताप आला. थर्मामीटरनं तो मान्य केला नाही, पण मी घरीच राहिलो आणि तू सांगलीहून आल्यावर ताप कसा आहे एवढंच विचारलंस. दुसरा कुणी असता तर महिनाभर चिडवत राहिला असता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

आभाराचं आणखी एक आहे. मी दिवसभर इतरांच्या कॉपीतली विशेषणं खोडतो. तुझ्या टेबलावर माझा हेर छपरांवरून उड्या मारायचा, राजाच्या तोंडावर खोटं बोलायचा, एकदा तर जळत्या घरात शिरून एक मेंढी घेऊन बाहेर आला होता. मेंढी कशाला, असं वकील ओरडत होते. तू मला विचारलंस, "मेंढी का?" मी म्हणालो, ती रडत होती. तू मान हलवलीस आणि त्या मेंढीला पुढच्या सगळ्या रविवारी जिवंत ठेवलंस. आठवड्यातल्या एका दुपारी मी शूर असायचो. बाकीचे दिवस त्यावर निभायचे.

आता त्या शब्दाचं, ज्यावरून आपली सगळी मोहीम सुरू झाली. टेबलावर तुझ्या दुकानातली बटणं मांडलेली होती. वकिलांचा जादूगार म्हणजे कोटाचं काळं बटण, ते गुहेच्या तोंडाशी होतं. गुहेत जायचं नाही, गावात परतायचं, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात वकिलांना एका पक्षकाराचा फोन आला. ते कन्नडमध्ये बोलत होते आणि शेवटी, हुबळीत सगळेच म्हणतात तसं, "आत री, आत" म्हणाले. म्हणजे ठीक आहे, झालं.

तू काळं बटण उचललंस आणि गुहेच्या मध्ये ठेवलंस. "वकील आत गेले."

"अरे! मी कन्नडात म्हणालो!"

"गुहेला कन्नड येत नाही."

"हा अन्याय आहे. मी हरकत घेतो."

"नोंदवली. आत अंधार आहे. मागं दगड घसरल्याचा आवाज येतो. काय करता?"

त्या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं गेली. वकिलांना सोडवायला आम्ही आत शिरलो, आत ते जुनं शहर सापडलं, शहरातून नदी निघाली. मी नंतर तुला म्हणालो, ही सरळ सरळ चूक होती, माझ्या डेस्कवर मी ती दुरुस्त केली असती. तू म्हणालास, "म्हणूनच तुला जमत नाही. टेबलावर चुकीचा शब्द पडला की तो पुसायचा नाही, उचलायचा. आपल्या तयारीपेक्षा तो चांगला असतो."

यावर आपलं कधी एकमत झालं नाही. त्याहून मोठा वाद दुसरा होता, आणि तो तू अर्धा सोडून गेलास.

शैलाअक्कांची योद्धा बाई नदी उतरताना मेली. फासा वाईट पडला, पुन्हा वाईट पडला आणि तू शांतपणे सांगितलंस की पाणी तिला घेऊन गेलं. अक्कांनी आपलं पितळी बटण टेबलावरून उचलून तुझ्या हातात दिलं. पुढच्या रविवारी मी नियमांचं पुस्तक खूण घालून आणलं. मेलेल्याला परत आणण्याचा मंत्र त्यात स्पष्ट दिलेला आहे, साहित्यासकट.

"माझ्या गावात नाही," तू म्हणालास.

"नियमात आहे."

"असेल."

"मग हे नियमबाह्य आहे. एका पानाचे नियम पाळायचे आणि दुसऱ्याचे नाहीत?"

"मास्तर मी आहे."

"कारण दे."

"कारण नंतर सांगतो."

मुक्ता तेव्हा आमच्यात नव्यानं बसू लागली होती. ती माझ्या बाजूनं होती, तुझ्यावर चिडून ताटली आपटून उठली होती. पुढं मी तुला कितीदा विचारलं. रिक्षात, दुकानात, एकदा बँकेच्या रांगेत. प्रत्येक वेळी "नंतर". मग ते दोघांच्या सवयीचं झालं. मी विचारायचं, तू "नंतर" म्हणायचं.

गुरुवारी मुक्ताचा फोन ठेवल्यावर मला आठवलं ते हे. त्या वादात तू नाही म्हणाला होतास आणि मी होय म्हणालो होतो. माझं मत नोंदलेलं होतं, आणि ती तेच मागायला येणार होती.

आणखी एक गोष्ट मला छळत होती. नवी मोहीम सुरू करण्याआधी तू प्रत्येकाला एकट्याला गाठायचास आणि विचारायचास, टेबलावर काय येऊ नये? अक्का म्हणाल्या होत्या, साप. वकील म्हणाले होते, कोर्ट, रविवार आहे. मी म्हणालो होतो, काही नाही. तू म्हणालास, "काही नाही म्हणणाऱ्याची मला भीती वाटते." या वेळी मी तुझ्यासारखंच केलं. अक्कांना विचारलं, वकिलांना विचारलं. मुक्ताला विचारलं नाही. तिच्या उत्तराला मी घाबरत होतो. तू गेल्यापासून मी अशाच गोष्टी टाळत आलो आहे. तुझ्या दुकानावरून जाणारा रस्ताही सोडला आहे.

दवाखान्यातलंही इथंच सांगून टाकतो, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

त्या सकाळी वहिनी चहा प्यायला खाली गेल्या होत्या आणि मी तुझ्याजवळ होतो. तुझ्या तोंडावर मास्क होता. श्वास मोजूनमापून घेतल्यासारखा येत होता. मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी बातमीदारासारखा सरळ प्रश्न केला. "घाबरलास का?"

तू मास्क जरा बाजूला केलास आणि म्हणालास, "आत."

मी वाट पाहिली. मास्क जागेवर गेला, वहिनी आल्या, नर्सनं मला बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

नंतर मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "कन्नडच ते. 'झालं' म्हणाला. भीती होती, झाली, संपली." शैलाअक्कांचं म्हणणं वेगळं. "तो तुझ्याशी कधी कन्नड बोललाय? मराठीच आहे. 'आत आहे भीती' म्हणाला." दोघांनी आपापलं म्हणणं ठामपणे सांगितलं. दोघंही तिथं नव्हते. मी होतो, आणि मला सांगता येत नाही. कन्नड असेल तर तू निश्चिंत गेलास. मराठी असेल तर तुझ्या पोटात भीती होती आणि मी शेजारी बसून तुझी चादर नीट करत होतो. मला या बातमीची खात्री करून घेता येत नाही आणि ती टाकूनही देता येत नाही. चूक असेल तर उचलायची, असं तू म्हणायचास. ही कशी उचलायची ते तू सांगितलं नव्हतंस.

काल दुपारी वरच्या खोलीत सगळं तसंच होतं. वहिनींनी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. टेबलावर बटणांचा डबा होता, अंतर मोजायची तुझी शिंप्याची टेप होती. मी खुर्चीत बसलो तेव्हा कुणीच कुणाकडं पाहिलं नाही.

"संपादक, आधी पाणी प्या," वकील म्हणाले. "आरोपीसारखे बसलाय."

मी गाव सांगायला लागलो. आवाज बारीक येत होता. एक लहान गाव आहे, मध्ये विहीर आहे. कालपासून त्या विहिरीच्या पाण्यात कुणाचं प्रतिबिंब दिसत नाही. ज्यानं सकाळी वाकून पाहिलं, तो संध्याकाळपर्यंत स्वतःचं नाव विसरतो. आज हे थांबलं नाही तर उद्या गावात कुणालाही कुणाला हाक मारता येणार नाही. तुम्ही तिघं वेशीजवळ उभे आहात. तुम्ही एकमेकांना कसे ओळखता?

हे शेवटचं तूच शिकवलेलं. पात्रं आधीपासून एकमेकांची कुणीतरी असली पाहिजेत, नाहीतर पहिला तास ओळखपरेडीत जातो. वकील आणि अक्का व्याही झाले. अक्का लगेच म्हणाल्या, "हुंड्यावरून माझं याच्याशी पटत नाही." खोलीत पहिल्यांदा हसू आलं. मुक्ता अक्कांची भाची झाली. ती हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडं होतं.

मी काढलेला गावाचा नकाशा अक्कांनी समोर ओढला. पेपर तपासावा तसं त्यांचं बोट फिरत गेलं. विहीर, देऊळ, कुंभाराचं घर, वैद्याचं घर, वेस. बोट परत फिरून आलं.

"अरे, यात स्मशान कुठं आहे?"

"ते राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं? आणि म्हातारं माणूस एक नाही गावात. वैद्य आहे, आजारी कुणी नाही. इथं माणसं मरत नाहीत का?"

"अक्का, किती मार्क देताय?" वकिलांनी सावरायचा प्रयत्न केला. अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल माझ्यापुढं सरकवली.

"काढ."

पंधरा घरं, ओढा, गायरान, सगळं मी कागदावर आणलं होतं. हे माझ्या हातून सुटलं, की मी सोडलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ओढ्यापलीकडं एक चौकोन काढला. रेघ वाकडी आली.

"मग आता विचारते," मुक्ता म्हणाली.

खाली वहिनींनी भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"काका, या गावात मेलेल्याला परत आणता येतं का?"

मी दोन्ही उत्तरं तीन दिवस तपासली होती. होय म्हणालो, तर ही मुलगी दर रविवारी तुला शोधायला हा जिना चढेल आणि एक दिवस तुझ्या आवाजात मला बोलावं लागेल. नाही म्हणालो, तर तिच्या बापाच्या खुर्चीत बसून ते तिच्या तोंडावर मी म्हणालो असेन. फासा टाक म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण दोन्ही उत्तरं चालणार असतील तेव्हाच फासा टाकायचा असतो. इथं मला एकही चालत नव्हतं. फाशामागं लपायची सोय नव्हती. हात टेबलाखाली नेले तर भीती दिसेल, म्हणून मी ते नकाशावर तसेच ठेवले.

"मुक्ता," मी म्हणालो, "तुझे पप्पा नाही म्हणाले होते. मी तेव्हा होय म्हणालो होतो. तुला ते आठवत असेल."

"आठवतंय. पण मी होय म्हणून घ्यायला विचारत नाहीये."

"मग?"

"तेव्हा मला पप्पांचा खूप राग आला होता." ती नकाशाकडं बघत बोलत होती. "कारण नंतर सांगतो म्हणाले. मलाही नाही सांगितलं. पण मला वाटतं, आता कळलंय. आणता येत असेल ना काका, तर मी दुसरं काहीच करणार नाही. विहीर नाही बघणार, गाव नाही बघणार. कुठल्या गुहेत तो मंत्र आहे तेच शोधत बसेन. दर रविवारी. आणि मग सोमवारीपण."

अक्कांनी आपला हात तिच्या पाठीवर ठेवला.

"म्हणून तुम्ही नाही म्हणा," ती म्हणाली. "नीट म्हणा. सध्या नाही, बघू, नियम पाहतो, असं नको."

इतकी वर्षं तू मला देत नव्हतास ते कारण हे होतं का, मला माहीत नाही. तिला ते तुझ्याशी न बोलता मिळालं. मला तुझ्याशी इतकं बोलून मिळालं नाही. अक्कांची योद्धा बाई परत आली असती तर आम्ही कुणीच ती नदी ओलांडली नसती, काठावर मंत्र म्हणत बसलो असतो, एवढं मला काल त्या खुर्चीतून दिसलं. वाद तू जिंकलास. तुला ते कळवायची सोय नाही.

"नाही," मी म्हणालो.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

वकिलांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मुक्तानं एकदा मान हलवली, डोळे मनगटानं कोरडे केले आणि डब्यातून एक हिरवं बटण शोधून काढलं. ते तिनं वेशीवर ठेवलं, मग टेपनं मोजून विहिरीपर्यंत सरकवलं.

"मी विहिरीवर जाते. तिथं कोण आहे?"

मी विहिरीवर कुणाला ठेवलं नव्हतं. कागदात पाहिलं, तिथं काही नव्हतं.

"एक म्हातारी आहे," मी म्हणालो. "भांडी घासते आहे. पाण्याकडं पाठ करून."

"तिचं नाव काय?"

"गंगव्वा."

"तिला तिचं नाव आठवतंय?"

"अजून आठवतंय."

"मग तिच्याशी पटकन बोलायला हवं," अक्का म्हणाल्या आणि आपलं बटण पुढं घेतलं. "व्याही, चला. का हुंड्याचा हिशेब करत उभे राहणार?"

"येतोय की. वेशीवर उभं राहून हुंडा वसूल होत नाही."

ती म्हातारी मला कुणी सांगितली नव्हती. तिला मी पाहिलेलं नाही, तिच्याबद्दल वाचलेलं नाही. कोण म्हणालं, असं कुणी विचारलं नाही. सूर्य कलेपर्यंत ते तिघं तिच्याशी बोलत होते आणि ती उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तराआधी मी उगाच कागदात पाहत होतो. शेवटपर्यंत पाहत होतो. खाली उतरताना वहिनींनी विचारलं, "कसं झालं?" मुक्ता म्हणाली, "काका हळू बोलतात, पण ऐकू येतं."

तू गेलास ती बातमी आमच्याच अंकात आली होती, स्थानिक पानावर, खालच्या कोपऱ्यात. कॉपी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ती शेजारच्या सहकाऱ्याकडं सरकवली. त्यानं ती तपासली, त्यानंच सोडली. दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलं नाही. त्यानंतरच्या दिवसांत लोकांनी तुझ्याबद्दल विचारलं तर मी "मोहन आजारी होता" एवढ्यावर वाक्य थांबवत आलो. पुढचं क्रियापद मी कुणासमोर वापरलं नव्हतं, तुझ्या बायकोसमोरही नाही. काल तुझ्या मुलीनं त्या एका "नाही"तून ते माझ्याकडून काढून घेतलं.

भीती गेली असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. तू गेलास, असं लिहितो.